अमेरिकेतली प्रायमरी निवडणूक जास्त लोकशाही व्हावी म्हणून नेमकं काय बदलायला हवं?

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनी ठरवायची निवडणूक. तिच्यात सगळ्यात आधी बदलायला हवी ती मतपत्रिका. प्रायमरी ओपन (कुणालाही मत देता येणारी) हवी की क्लोज्ड (फक्त पक्षात नोंद असलेल्यांची), राज्यांत आधी मतदानाचा मान आयोवाला की साउथ कॅरोलायनाला, हे वाद नंतर. मतदाराच्या हातात पडणारा कागदच एका बाजूला झुकलेला असेल तर बाकीच्या सुधारणा वाया जातात. न्यू जर्सीत राहून हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे परवापरवापर्यंत ‘काउंटी लाइन’ होती. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग. 21 पैकी 19 काउंट्यांत पक्षाच्या काउंटी संघटनेचा पाठिंबा असलेले सगळे उमेदवार, वर सिनेटरपासून खाली टाउनशिप कौन्सिलपर्यंत (म्हणजे गावच्या नगरपरिषदेपर्यंत), एकाच रकान्यात एकाखाली एक छापले जायचे. बाकीच्यांची नावं पार उजवीकडे, कधी मध्ये कोरे रकाने सोडून. त्या जागेला इथे ‘बॅलट सायबेरिया’ म्हणायचे. पाठिंबा कुणाला, हे काही काउंट्यांत अधिवेशन घेऊन ठरायचं, काहींत अध्यक्ष एकटाच ठरवून मोकळा व्हायचा.

आमच्या महाराष्ट्र मंडळातली एक मैत्रीण काही वर्षांपूर्वी कौन्सिलसाठी प्रायमरीला उभी राहिली. जोराचा पाऊस झाला की आमच्याकडे दोन-तीन रस्त्यांवर तळघरांत पाणी भरतं. तो विषय टाउनशिपच्या बैठकांत तिनेच लावून धरला होता. स्थानिक पक्षनेत्याला भेटायला गेली तेव्हा मी सोबत होतो. गृहस्थ गोड बोलले. म्हणाले, या वेळच्या जागा ठरल्यात, पुढच्या वेळी बघू. तिने तरीही अर्ज भरला. आम्ही संध्याकाळी ऑफिस सुटलं की घरोघरी हिंडायचो. गुजराती, तेलुगू, इटालियन, सगळी दारं वाजवली. लोक उभं राहून बोलायचे, पाण्याचे फोटो दाखवायचे.

मग घरी सॅम्पल बॅलट, म्हणजे नमुना मतपत्रिका, आलं. डावीकडचा रकाना वरपासून खालपर्यंत नावांनी भरलेला. हिचं नाव शेवटच्या रकान्यात, अगदी तळाला, आणि त्याच्या वरचे सगळे चौकोन कोरे. चुकून छापल्यासारखं दिसत होतं. मतदानाच्या दिवशी शेजारच्या काकू बाहेर येऊन तिला म्हणाल्या, “अगं, तुझं नाव सापडेचना, मग मी आपली ती पहिली लाइनच दाबून आले.” ज्या बाईच्या तळघरातलं पाणी हिने बादल्यांनी उपसलं होतं, त्या काकू. ती हरली, आणि नंतर कधीच उभी राहिली नाही.

माझे साडू टेक्सासात असतात. त्यांचं तेव्हापासूनचं पालुपद एकच: “पक्ष त्यांचा, उमेदवार त्यांनी निवडले तर बिघडलं कुठे? आपल्याकडे नाही का एबी फॉर्म वरून येतो?” येतो ना. पण तिथे उमेदवारी श्रेष्ठी देतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि ती देण्यासाठी मतदाराला कुणी रांगेत उभं करत नाही. इथे प्रायमरी सरकार घेतं, मतपत्रिका काउंटी क्लार्क हा सरकारी अधिकारी छापतो, खर्च करदात्यांचा. लोकांच्या पैशाने लोकांची निवड म्हणून जे होतं, त्यात पक्षाला झुकतं माप कशाला? आणि श्रेष्ठींना जास्त कळतं म्हणावं, तर 1968 साली डेमोक्रॅटिक पक्षाचे ह्युबर्ट हम्फ्री प्रायमरीच्या रिंगणात न उतरताच शिकागोच्या पक्ष-अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले आणि नोव्हेंबरात निक्सनकडून हरले. त्यानंतरच डेमोक्रॅटिक पक्षाने नियम बदलले आणि प्रायमऱ्यांना आजचं वजन आलं.

लाइन मोडली ती 2024 साली. सिनेटच्या जागेसाठी तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी यांच्यामागे मोठ्या काउंट्यांचे नेते उभे होते. त्यांचे प्रतिस्पर्धी अँडी किम यांनी लाइनविरुद्ध थेट कोर्ट गाठलं. टॅमी मर्फींनी माघार घेतली, आणि त्याच आठवड्यात, 29 मार्चला, न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइन थांबवली. किम पुढे सिनेटर झाले. 2025 मध्ये कायदाच बदलला. आता एका पदाचे सगळे उमेदवार एकत्र छापतात.

एवढ्याने सगळं सुटत नाही, हेही सांगतो. जून 2025 मध्ये गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सहा जण होते आणि मिकी शेरिल जेमतेम एक तृतीयांश मतांवर जिंकल्या. म्हणून पुढची मागणी पसंतीक्रमाची, म्हणजे मतदाराने उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यायची. न्यूयॉर्क शहर 2021 पासून प्रायमरीत तो वापरतंय. अलास्कात सगळ्यांची एकच प्रायमरी, त्यातले चार पुढे, आणि नोव्हेंबरात पसंतीक्रम. 2024 मध्ये ते रद्द करायचा प्रस्ताव थोडक्यात पडला. शिवाय लाइन गेली तरी पैसेवाल्याचं नाव जास्त कानावर पडतंच, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीचं प्रकरणही वेगळं आहे.

तुम्ही इथले नागरिक असाल तर जूनमधल्या प्रायमरीत मत द्या. आपली मंडळी नोव्हेंबरात मत देतात आणि उमेदवार बरे नाहीत म्हणून वर्षभर कुरकुरतात. न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नोंद नसेल तर मतदान केंद्रावर आयत्या वेळी पक्ष सांगता येतो. आणि जमलं तर पक्षाच्या काउंटी कमिटीसाठी स्वतः अर्ज भरा. तीही जागा प्रायमरीतच निवडली जाते, आपल्या वॉर्डातल्या थोड्याशा सह्या लागतात, आणि जिथे पाठिंबा बैठकीत ठरतो तिथे हात वर करायचा हक्क त्यातूनच मिळतो. साडूंनाही हेच सांगितलंय. त्यांच्याकडे टेक्सासात तर पक्षनोंदणीसुद्धा लागत नाही, तरी एकाही प्रायमरीला गेलेले नाहीत.