कमी दिसतं, ज्युदो जमेल का?

नक्की जमेल. ज्युदोत डोळ्यांपेक्षा पकड जास्त सांगते. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर गेलंय, तो ओढणार की ढकलणार, हे त्याच्या जॅकेटवरच्या तुमच्या हातांना कळतं. म्हणूनच दृष्टिबाधितांच्या स्पर्धेत दोघांनी पकड घेतल्यावरच लढत सुरू होते. पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ १९८८ पासून आहे, महिलांसाठी २००४ पासून.

सुरुवातीला एवढंच बघा:

- आधी पडायला शिका. हनुवटी छातीशी, डोकं गादीला लागता कामा नये, हाताने गादीवर थाप. हात टेकून अंग सावरायला जाऊ नका, मनगट आणि कोपर तिथेच दुखावतं. हे अंगवळणी पडेपर्यंत डाव शिकायची घाई नको. कंटाळा येईल, तरी करा.
- गादीच्या कडा, भिंती, खांब पहिल्याच दिवशी चालून, चाचपून ओळखून घ्या.
- प्रशिक्षकांना सांगा: डाव तोंडी समजवा आणि माझ्यावर करून दाखवा. नुसतं "असं कर" पुरत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांना मात्र आधी विचाराच. डोळ्याचा पडदा कमकुवत असेल तर आदळणं धोक्याचं ठरू शकतं. प्रशिक्षकांपासूनही हे लपवू नका.

नवे लोक हमखास हात ताठ करून समोरच्याला लांब ठेवतात. भीतीने होतं ते. पण ताठ हातांना काही जाणवत नाही, खांदे सैल सोडा. आणि जोडीदार दया म्हणून आपणहून पडत असेल, तर त्याला स्पष्ट थांबवा.

गळा आवळण्याचे डाव, स्पर्धेतले वर्ग वगैरे पुढे बघू.