आयईएलटीएसच्या निबंधासाठी कोणते जोडशब्द पाठ करावेत?

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासमध्ये प्रत्येक परिच्छेदात किमान तीन जोडशब्द घालायला सांगतात, तर चांगल्या बँडसाठी, म्हणजे नऊपैकी वरच्या श्रेणीसाठी, कोणते पाठ करावेत, असे आपण विचारले आहे. एकही पाठ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी भाची परिचारिका आहे. ब्रिटनमधील नोंदणीसाठी तिला लेखनात साडेसहा आणि इतर तिन्ही कौशल्यांत सात बँड हवे होते. इतर तिन्हींत ते मिळाले, लेखनात मात्र ती सहावर अडकली. तिचे सरावाचे निबंध मी मागवून घेतले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वाक्य क्लासच्या छापील यादीतील ‘मोरओव्हर’ किंवा ‘फर्दरमोअर’ने (दोन्हींचा अर्थ ‘शिवाय’) सुरू झालेले दिसले. मोफत बससेवेमुळे रस्त्यावरील गाड्या कमी होतील, असे लिहून तिने पुढे ‘मोरओव्हर’ घातले होते आणि त्यानंतर करदात्यांवर पडणाऱ्या बोजाची तक्रार मांडली होती. मी सगळे जोडशब्द पेन्सिलीने खोडले आणि उरलेला मजकूर तिला मोठ्याने वाचायला लावला. वाक्यांचा एकमेकांशी संबंधच लागत नाही, हे मी सांगण्याआधी तिलाच कळले. त्यानंतर ती आधी मुद्द्यांचा क्रम लावू लागली, मागच्या वाक्यातील गोष्ट ‘धिस पॉलिसी’ अशा शब्दांनी पुढच्या वाक्यात आणू लागली आणि विरोधी मुद्दा ‘ऑल्दो’ (‘जरी’) वापरून त्याच वाक्यात सामावून घेऊ लागली. पुढच्या परीक्षेत तिला लेखनात सात मिळाले.

परीक्षक जोडशब्द मोजतात, शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंनी यात पडू नये, असे त्या क्लासच्या संचालकांनी मला फोनवर सुनावले होते. गुणदानाचे निकष प्रसिद्ध आहेत, ते त्यांनी वाचावेत. मांडणी आणि सुसूत्रता यांना निबंधाच्या गुणांपैकी 25 टक्के वाटा आहे. त्यात जोडशब्दांचा अतिवापर पाचव्या बँडचे लक्षण म्हणून नोंदवला आहे, सहाव्यात जोडणी यांत्रिक असू शकते असे म्हटले आहे आणि नवव्यात ती क्वचितच लक्ष वेधून घेते. मोजणीचा उल्लेख कुठेही नाही. परिच्छेद कसा बांधावा, हे मराठीच्या शिक्षिकेलाही उत्तम कळते.

अर्थात, जोडशब्द अगदीच कमी असले तरी गुण जातात, आणि अकॅडेमिक परीक्षेतील आलेखाच्या वर्णनात तुलनेचे शब्द लागतातच. ‘हाउएव्हर’ (‘तथापि’) वापरायचे असेल, तर त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्यावा. नुसत्या स्वल्पविरामाने दोन पूर्ण वाक्ये जोडल्यास ती व्याकरणाची चूक ठरते.