नंबर जुळतात, म्हणूनच जपून

प्रश्न : भायखळ्यातील एका गोदामात असलेली १९५९ सालची बीएसए या ब्रिटिश कारखान्याची गोल्ड स्टार मोटरसायकल, डीबीडी ३४ क्लबमन्स (शर्यतीसाठी सजवलेले मॉडेल), मला विकत मिळू शकते. इंजिन आणि फ्रेमवर एकच क्रमांक असल्यामुळे ती ‘मॅचिंग नंबर’ची, म्हणजे अस्सल गाडी आहे, असे सांगून विक्रेते बरीच जास्त किंमत मागत आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवावा काय? आणि रविवारी तिच्यावरून मरीन ड्राइव्हला फेरी मारता येईल काय?
— एक वाचक, दादर

उत्तर : विक्रेते ज्याला गुण म्हणत आहेत, तीच या गाडीबाबत शंकेची पहिली जागा आहे. गोल्ड स्टारच्या इंजिनाला आणि फ्रेमला कारखान्याने स्वतंत्र मालिकांतील क्रमांक दिले होते. ‘डीबीडी ३४ जीएस’ने सुरू होणाऱ्या इंजिनाखाली ‘सीबी ३२’ मालिकेतील फ्रेम असते, त्यामुळे दोन्हीकडे एकच क्रमांक दिसला, तर तो नंतर कोणीतरी ठोकून बसवलेला आहे, असेच समजावे. अस्सल जोडी कोणती, हे क्रमांक एकमेकांशी ताडून नव्हे, तर कारखान्यातून गाडी रवाना झाल्याच्या नोंदवहीतूनच कळते. बीएसएच्या या नोंदवह्या ब्रिटनमधील व्हिंटेज मोटर-सायकल क्लबकडे आहेत. बयाणा देण्यापूर्वी दोन्ही क्रमांकांचे पेन्सिल प्रिंट (कागद ठेवून वर पेन्सिल घासून उतरवलेला ठसा) स्वतःच्या हाताने घ्या. आरसी बुकवरील आकडे त्यांच्याशी आणि ते क्लबच्या नोंदींशी पडताळून पाहा.

एवढी काळजी घेण्याचे कारण असे, की बी ३३ ही त्याच कारखान्याची साधी गाडीही ८५ गुणिले ८८ मिलिमीटर मापाच्या, ४९९ सीसीच्या एकाच सिलिंडरची होती, आणि तिला गोल्ड स्टारची टाकी चढवली की नवख्याची फसगत सहज होते. सिलिंडरच्या पंखांना लोहचुंबक चिकटला, तर तिथेच थांबा, कारण गोल्ड स्टारचा सिलिंडर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे. शिवाय तेलपंपाला जागा मिळावी म्हणून फ्रेमच्या उजव्या बाजूच्या खालच्या नळीला मुद्दाम बाक दिलेला असतो. हल्ली हुबेहूब नकली फ्रेमही बनतात, त्यामुळे बाक दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. दिसला नाही, तर मात्र पुढचे बोलणे व्यर्थ आहे.

मरीन ड्राइव्हचा विचार मी तरी सोडून दिला असता. १९४९ ते १९५६ या काळात आयल ऑफ मॅन बेटावरच्या ज्युनिअर क्लबमन्स टीटी या शर्यतीत या घराण्याच्या ३५० सीसी गाड्यांनी कोणाला डोके वर काढू दिले नाही, आणि त्याच शर्यतींचा स्वभाव तुमच्या ५०० सीसी गाडीत उतरला आहे. शर्यतीच्या अमाल जीपी कार्ब्युरेटरवर इंजिन मंद गतीत नीट चालत नसल्याने सिग्नलवर इंजिन मूठ पिळूनच जिवंत ठेवावे लागते, आणि आरआरटी २ या शर्यतीच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर इतका उंच असतो, की त्यातच गाडी ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास पोहोचते. चर्चगेटच्या गर्दीत क्लचची काय दशा होईल, ते सांगायला नको. कागदोपत्री बाब अशी, की २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीची ‘व्हीए’ या व्हिंटेज गाड्यांच्या मालिकेत नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये आहे, पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते.

प्रश्न : वडिलांनी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतींत पळवलेली राजदूत ३५० विकायची आहे. आधी रंगवून घ्यावी काय?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : अजिबात नाही. नव्या रंगाची राजदूत कोणीही उभी करू शकतो. संग्राहक पैसे मोजतो ते टाकीवरच्या ओरखड्यांचे आणि झिजलेल्या फूटरेस्टचे. वडिलांचे त्या शर्यतींतील फोटो, प्रवेशपत्रे आणि आरसी बुक मात्र गाडीबरोबर द्या, आणि त्यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा.