पत्रा कापावा, जाळू नये

प्रश्न : शेडसाठी अर्धा मिलिमीटर जाडीचे रंगीत नागमोडी पत्रे आणलेत. ग्राइंडरने दोन पत्रे कापले, तर कडेचा रंग जळाला. मग जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या पात्याची विजेची करवत) लावला, तर पत्रा थडथडतो आणि पाती तुटतात. नेमकं कोणतं मशीन वापरू?

उत्तर : ग्राइंडर आधी खाली ठेवा. पत्र्याला गंजापासून वाचवतो तो रंग आणि त्याखालचा जस्ताचा थर. ग्राइंडरच्या उष्णतेने कडेला हे दोन्ही जातात. त्याहून वाईट म्हणजे ठिणग्या. ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. तो शेजारच्या चांगल्या पत्र्यावर पडून रंगात रुतून बसतो. मी नवशिका असताना छतावर बसवलेलाच पत्रा ग्राइंडरने कापला होता. दिसायला काम झकास! पहिला पाऊस पडून गेला आणि छतभर तांबडे ठिपके उठले. मालक माझ्याकडे नुसते बघत राहिले.

तुमच्या कामाला निबलर, म्हणजे पत्रा कुरतडत कापणारं मशीन, घ्या. त्याचा पंच पत्र्याचे बारीक बारीक चावे घेत पुढे जातो. कड तापत नाही, रंग शाबूत राहतो आणि नागमोडी चढउतारावरूनही तो निमूट चालतो. ड्रिलला जोडायचा निबलरही मिळतो, चारदोन पत्र्यांना तेवढा पुरे. मधूनच कापायचं असेल तर आधी त्याचं डोकं जाईल एवढं भोक पाडा. खाली चंद्रकोरीसारखे तुकडे पडतात, ते लगेच झाडून घ्या. चपलेच्या तळव्यात घुसले की पत्र्यावर ओरखडे काढत हिंडतात (आणि पायात घुसले तर तुम्हीच हिंडणार नाही).

जिगसॉचा दोष नाही, पात्याचा आहे. लाकूड कापायच्या पात्याचे मोठे दात पातळ पत्र्यात अडकतात. इंचाला ३६ दातांचं, धातू कापायचं पातं लावा. पण अर्ध्या मिलिमीटरच्या जाडीत तेही एका वेळी धड एक दात टेकवत नाही, म्हणून सपाट पत्रा दोन पातळ प्लायच्या मध्ये शिकंज्यांनी आवळून प्लायसकट कापा. नागमोडी पत्र्याला मात्र ही युक्ती चालत नाही.

ग्राइंडरशिवाय गत्यंतरच नसेल, तर थप्पीपासून लांब, जमिनीवर कापा. गार्ड काढू नका, गॉगल लावा, चाकावर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नको. सैल सुती हातमोजे तर नकोतच, चाक ते ओढून घेतं.

आधी कापलेल्या दोन पत्र्यांची लांबी पुरत असेल, तर जळालेली कड बोटभर निबलरने छाटून टाका. नसेल पुरत, तर कानस मारून कड साफ करा, जस्तयुक्त प्रायमर आणि वर रंग लावा. पत्रे बसवताना ती बाजू छताच्या वरच्या टोकाला, आढ्यावरच्या टोपीखाली घ्या. पाणी गळतं त्या खालच्या टोकाला कारखान्यातून आलेलीच कड राहू द्या.