जुने ऑस्कर-नामांकित चित्रपट कसे पाहावेत? एक वर्ष निवडून, हरलेल्यांसकट

जुन्या हॉलिवूडमधले ऑस्कर नामांकन मिळालेले चित्रपट पाहून त्यांवर मराठीत परीक्षणे लिहायची आहेत, तर सुरुवात कुठून करावी आणि फक्त विजेते चित्रपट पाहिले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: माझ्या मते चालणार नाही. विजेत्यांची यादी घेऊन दशकामागून दशके ओलांडत गेले की नावे पाठ होतात, पण त्या वेळच्या प्रेक्षकापुढे आणि मतदारापुढे नेमके काय काय होते, हे कळत नाही. त्यापेक्षा एकच वर्ष निवडावे आणि त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत असलेले सगळे चित्रपट पंधरवड्याच्या आत पाहावेत. १९३६ ते १९४३ या वर्षांत या विभागात दहा-दहा चित्रपट होते. १९४४ सालच्या चित्रपटांपासून ही संख्या पाचवर आली, म्हणून नवख्याने त्यानंतरचे वर्ष घेणे सोयीचे.

मी स्वतः १९५० हे वर्ष सुचवेन. त्या वर्षीच्या चित्रपटांचे पुरस्कार २९ मार्च १९५१ रोजी दिले गेले, आणि याद्यांमध्ये कधी एक वर्ष तर कधी दुसरे लिहिलेले असते, त्यामुळे शोधताना गोंधळ होऊ देऊ नये. स्पर्धेत 'ऑल अबाउट ईव्ह', 'सनसेट बुलेव्हार्ड', 'बॉर्न यस्टरडे', 'फादर ऑफ द ब्राइड' आणि 'किंग सॉलोमन्स माइन्स' हे पाच चित्रपट होते. 'ऑल अबाउट ईव्ह'ला चौदा नामांकने आणि सहा पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मानही त्यालाच मिळाला.

या वर्षाविषयीचा वाद आपण वाचालच. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या विभागात 'ऑल अबाउट ईव्ह'मधल्या बेटी डेव्हिस आणि अ‍ॅन बॅक्स्टर दोघीही होत्या, 'सनसेट बुलेव्हार्ड'मधली ग्लोरिया स्वॉन्सन होती, आणि पुरस्कार मात्र 'बॉर्न यस्टरडे'साठी ज्युडी हॉलिडेला मिळाला. एकाच चित्रपटातल्या दोघींमध्ये मते विभागली गेली, असे अनेकदा म्हटले जाते. मी बरीच वर्षे हा निव्वळ अन्याय मानत होतो आणि तसे एका परीक्षणात ठामपणे लिहिलेही होते; तोवर मी 'बॉर्न यस्टरडे' पाहिलेलाच नव्हता. पुढे तो पाहिला, तेव्हा पत्त्यांच्या डावाच्या प्रसंगाशी मी थांबलो. भंगाराच्या धंद्यातून गब्बर झालेला हॅरी आणि त्याच्याबरोबर राहणारी बिली, जिला तो पदोपदी मठ्ठ ठरवतो, दोघे समोरासमोर बसून रमी खेळत आहेत. संवाद जवळजवळ नाहीतच. ती पत्ते लावते, मधूनच गुणगुणते आणि एकामागून एक डाव जिंकत राहते. या बाईच्या डोक्यात काय आहे हे हॅरीला अजून कळलेले नसते, पण आपल्याला कळून चुकते, आणि पुढचा सारा चित्रपट त्या जाणिवेवर उभा राहतो. हॉलिडेने ही भूमिका आधी ब्रॉडवेच्या रंगमंचावर केली होती. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर तो प्रसंग घाई न करता तिच्या हाती सोपवतात. मला आजही स्वॉन्सनचे काम अधिक मोठे वाटते. तरी अन्याय हा शब्द मी मागे घेतला आहे.

'ऑल अबाउट ईव्ह' मराठी वाचकाला समजावून सांगणे तुलनेने सोपे जाईल, कारण नाटकाचा प्रयोग संपल्यावर रंगपटात काय वातावरण असते, याची आपल्याकडच्या नाट्यप्रेमींना कल्पना असते. चाळिशीची नामवंत नटी मार्गो आणि तिची भक्त म्हणून रंगपटात शिरलेली ईव्ह, यांची ही गोष्ट आहे. बेटी डेव्हिसविषयी सगळेच लिहितात. आपण थेल्मा रिटरकडे लक्ष द्यावे. तिची बर्डी मार्गोच्या कपड्यांची आणि घराची व्यवस्था पाहते, आणि ईव्हविषयीचा पहिला संशय तिलाच येतो. या एका चित्रपटातल्या चार अभिनेत्रींना नामांकने होती, पण अभिनयाचा पुरस्कार मिळाला तो जॉर्ज सँडर्सला, सहायक अभिनेता म्हणून.

'सनसेट बुलेव्हार्ड' पाहताना त्यातली माणसे प्रत्यक्षात कोण होती, हे ठाऊक असणे फार मोलाचे आहे. मूकपटांच्या काळातली विस्मृतीत गेलेली तारका साकारणारी स्वॉन्सन स्वतः मूकपटांची तारका होती. तिच्या सेवकाची भूमिका करणारे एरिक फॉन श्ट्रोहाइम हे तिचे एकेकाळचे दिग्दर्शक होते, आणि ती घरी बसून स्वतःचा जो जुना चित्रपट पाहते, तो त्या दोघांचाच 'क्वीन केली' आहे. दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल स्वतःच्याच नावाने येतात, मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन पत्त्यांचा ब्रिज खेळणाऱ्यांच्या टेबलाशी बसलेला दिसतो. दिग्दर्शक बिली वाइल्डर यांनी इथे जिवंत माणसांच्या चेहऱ्यांवरचा काळ कथेच्या कामाला लावला आहे, आणि मला त्यात क्रौर्याइतकीच माया दिसते.

उरलेल्या दोहोंपैकी 'फादर ऑफ द ब्राइड' स्पेन्सर ट्रेसीच्या अभिनयासाठी जरूर पाहावा. 'किंग सॉलोमन्स माइन्स'मध्ये आफ्रिकेत जाऊन केलेले रंगीत चित्रण आणि उधळलेल्या जनावरांचे दृश्य पाहिले की छायालेखन आणि संकलन यांचे पुरस्कार त्याला का मिळाले ते समजते. मात्र आफ्रिकी माणसांकडे पाहण्याची त्याची नजर वसाहतवादी आहे, आणि 'तो काळच तसा होता' एवढ्यावर न थांबता ती नेमकी कोणत्या प्रसंगात जाणवते, हे परीक्षणात लिहावे.

लिहिण्यापुरते माझ्या सवयीचे सांगतो. चित्रपट पहिल्यांदा मध्ये न थांबवता पाहावा, आणि दुसऱ्याचे काही वाचण्याआधी स्वतःची टिपणे वहीत उतरवावीत. दुसऱ्या दिवशी एकच प्रसंग पुन्हा पाहावा आणि परीक्षणाचा निम्मा भाग त्यालाच द्यावा. कथासार चार वाक्यांत आटोपावे. चौकट पडद्याच्या आकारात बसवण्यासाठी वरून-खालून कापलेली प्रत टाळावी, कारण हे चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीसाठी रचलेले होते. त्या काळी निर्मितिसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवावे आणि काय नाही याची हॉलिवूडची नियमावली, लागू होती, हेही लक्षात ठेवावे: बिली आणि हॅरी लग्नाशिवाय एकत्र राहतात हे उघड बोलायला मज्जाव होता, म्हणून ते आडून कसे सुचवले आहे, हे पाहण्यात वेगळाच आनंद आहे.

क्रम विचाराल तर 'बॉर्न यस्टरडे' आधी आणि 'सनसेट बुलेव्हार्ड' सर्वांत शेवटी पाहावा. पहिल्यात बिलीला शिकवणारा, चष्मा लावलेला सरळमार्गी पत्रकार म्हणजे विल्यम होल्डन. दुसरा सुरू होतो तेव्हा पोहण्याच्या तलावात पालथे तरंगणारे प्रेत त्याचेच असते, आणि आपली गोष्ट तो तिथूनच सांगू लागतो.