माशांची काचेची टाकी गळतेय? बाहेरून सिलिकॉन फासू नका

आधी टाकीच गळतेय ना, ते बघा. फिल्टरच्या नळीवरून ओघळलेलं पाणीही खाली तसंच साचतं. काच कोरडी पुसून सांध्यांवर टिश्यू पेपर लावा, आधी भिजेल तिथे गळती.

मासे बादलीत काढा, एअर पंप चालू ठेवा. फिल्टरचा स्पंजही त्यातच ठेवा, सुकला की उपयोगी जिवाणू मरतात.

बाहेरचा लेप पाण्याच्या दाबाने सुटतो, काम आतूनच करा. आणि ठिगळ नको: जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. आतली सगळी पट्टी ब्लेडने खरवडा, मात्र दोन काचांमधला थर कापू नका. टाकी त्याच्यावरच उभी आहे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोटाचा तेलकट डागही सांधा सोडवतो.

सिलिकॉन शंभर टक्के, व्हिनेगरसारख्या वासाचं घ्या. बाथरूमचं बुरशीरोधक माशांना घातक. कोपऱ्यापासून ६ मिमीवर मास्किंग टेप लावा, पट्टी ओढून ओलं बोट एका दमात फिरवा, टेप लगेच काढा. पाचेक मिनिटांत वर साय धरते, नंतर हात लावला की सुरकुत्या.

७२ तास थांबा, वास असेल तर अजून. मग बाल्कनीत वर्तमानपत्रावर भरून दिवसभर बघा. २×१×१ फुटी टाकीत ५६ लिटर म्हणजे ५६ किलो पाणी. भरलेली उचलायची नाही.