आलेख चुकलाय का, हे संगणकाला आपोआप तपासता येतं का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या कार्यालयात दर आठवड्याला चाळीसेक आलेख तयार होतात, प्रत्येक आलेख नजरेखालून घालायला माणूस नाही, तर कोड तपासायला लिंटर (कोड वाचून चुका दाखवणारा प्रोग्राम) असतो तसं आलेखांसाठी काही आहे का. आहे. आणि स्वतःच्या गरजेपुरतं लिहायचं म्हटलं तर दोन-तीन दिवसांचं काम आहे. मी निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत कांद्याचे भाव, आवक, पाऊस आणि धरणसाठा यांचे आलेख करते. शनिवारी संध्याकाळी ते सभासदांच्या व्हॉट्सॲप गटांवर जातात. गेली तीन वर्षं प्रत्येक आलेख आधी तपासणीतून जातो, त्यामुळे यातलं काय जमतं आणि कुठे घात होतो हे अनुभवानं सांगू शकते.

तपासणी तयार चित्राची करायला जाऊ नका, चित्राच्या कृतीची करा, म्हणजे ते कसं काढायचं हे सांगणाऱ्या मजकुराची. चित्रातले पिक्सेल वाचून स्तंभ कुठला, अक्ष कुठला हे ओळखत बसणं अवघड आणि बेभरवशाचं. पण तुम्ही व्हेगा-लाइट हे आलेख काढायचं साधन वापरत असाल तर आलेख म्हणजे एक मजकुराची फाइल असते: खूण कोणती (स्तंभ, रेषा की ठिपका), आडव्या अक्षावर कोणता रकाना, उभ्यावर कोणता, मोजपट्टी शून्यापासून सुरू होते की नाही. ती फाइल वाचणं प्रोग्रामला सोपं जातं. मूळचा 'लिंट' हाच होता: १९७८ साली बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतला कोड न चालवता, नुसता वाचून संशयास्पद जागा दाखवणारा प्रोग्राम लिहिला आणि कपड्याला चिकटणाऱ्या बारीक तंतूंचं नाव त्याला दिलं. आलेखांसाठी ही कल्पना अँड्र्यू मॅकनट आणि गॉर्डन किंडलमन या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडली. त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठातून 'ड्रेको' आलं, ज्यात आलेखाचे नियम तर्कशास्त्राच्या भाषेत लिहिलेले असतात. काही नियम मोडताच येत नाहीत, काही मोडले तर दंड बसतो. २०२१ चं 'व्हिझलिंटर' व्हेगा-लाइटच्या फाइलमधली चूक दाखवतं आणि दुरुस्तीही सुचवतं.

माझं मत विचाराल तर ही साधनं पाहा, त्यांचे नियम वाचा, पण चाळीस आलेखांसाठी ती उभी करत बसू नका. पायथनमध्ये डझनभर नियम स्वतः लिहा. लिहिताना तुमच्या वाचकाची जी ओळख होते, ती तयार साधनातून होत नाही.

सोपे नियम भराभर सांगते. स्तंभालेख शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवलं की एकाच मोजपट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक वाचतो, लांबी त्याखालोखाल, कोन आणि क्षेत्रफळ त्याहून कमी. स्तंभाची लांबी बोलते, म्हणून ती खालून कापली की ती खोटं बोलते. रेषेला हा नियम लावू नका. भाव १८०० ते २१०० मध्ये फिरत असताना रेषालेख शून्यापासून काढला तर सपाट दोरी दिसेल. तालुक्यांची नावं आडव्या अक्षावर असली की व्हेगा-लाइट ती उभी फिरवतं, आणि 'त्र्यंबकेश्वर' उभं वाचायला मान वाकडी करावी लागते. आमचा तपासणीचा प्रोग्राम अशा वेळी स्तंभ आडवे करायला सांगतो. लाखाच्या पुढचा आकडा १००,००० असा आला की अडवतो, १,००,००० हवा. डी-थ्री या आलेखांच्या कोड-संग्रहाच्या स्थानिक मांडणीत तीन-दोन-दोन असे गट ठरवता येतात, देवनागरी अंकही देता येतात. रंग मागच्या रंगावर किती उठून दिसतो यासाठी वेब-सुगमतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतलं प्रमाण घेतलंय: मजकुराला ४.५ ला १, रेषा आणि स्तंभांना ३ ला १. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा काढला तर गुणोत्तर जेमतेम १.०७ भरतं. आमचे लोक आलेख भर उन्हात, वावरात उभं राहून मोबाइलवर बघतात. त्यांच्यासाठी तो पिवळा नसल्यातच जमा.

इथपर्यंत सगळं कृती वाचून होतं. खरी अडचण पुढे येते, कारण कृतीत रकान्याचं नाव असतं, त्याचा अर्थ नसतो.

धरणांचं उदाहरण घ्या. एकदा 'जिल्ह्यातला सरासरी साठा' म्हणून धरणांच्या टक्केवारीची सरासरी काढलेला आलेख तयार झाला होता. नियमानं पाहिलं तर निर्दोष: शून्यापासून सुरू, अक्षरं ठळक, रंग ठीक. पण सिन्नरकडचं भोजापूर धरण ३६१ दशलक्ष घनफुटांचं, आणि नाशिक शहराला पाणी पाजणारं गंगापूर ५६३० चं. समजा भोजापूर १०० टक्के भरलंय आणि गंगापूर ५० टक्के. सरासरी येते ७५. प्रत्यक्षात दोघांत मिळून पाणी आहे क्षमतेच्या ५३ टक्के. उन्हाळ्याच्या तोंडावर हा फरक केवढा, ते टँकरची वाट पाहणाऱ्या घराला विचारा. प्रोग्रामला ही चूक दिसणं शक्य नव्हतं, कारण त्याच्या लेखी 'साठा' हा नुसता एक आकडा होता.

म्हणून आम्ही प्रत्येक रकान्याची ओळख एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवली. हा रकाना मोजणी आहे, हा दर आहे, ही टक्केवारी आहे आणि तिचा छेद अमुक रकान्यात आहे, हे रोजचं माप आहे आणि ते कोणत्या दिवशी नसणं अपेक्षित आहे. एक दुपार गेली. त्यानंतर नियम लिहिणं सोपं झालं: टक्केवारीची साधी सरासरी दिसली की थांब. नकाशात तालुके रंगवताना मोजणीचा रकाना वापरला की थांब, कारण मग नाशिक आणि मालेगाव हे लोकवस्तीचे तालुके कुठल्याही विषयात गडदच दिसणार. तुमची आकडेवारी शेतीची नसली तरी ही फाइल आधी करा, असं मी आग्रहानं सांगेन.

आता ज्या आलेखामुळे मी हे इतकं मनावर घेतलं, त्याबद्दल. एका बाजार समितीत लिलाव नऊ दिवस बंद होते. बंद व्हायच्या आदल्या दिवशी उन्हाळ कांद्याचा सरासरी भाव क्विंटलला १९०० रुपये होता. लिलाव सुरू झाले त्या दिवशी तुंबलेला माल एकदम आला आणि भाव १५५० निघाला. मधल्या नऊ दिवसांच्या नोंदीच नव्हत्या. आलेखानं १९०० चा ठिपका १५५० च्या ठिपक्याला सरळ रेषेनं जोडला. दिसायला काय दिसलं, तर भाव नऊ दिवस रोज थोडाथोडा उतरत आलाय. आमच्या एका सभासदानं तो बघितला, उतार असाच चालणार असं धरलं आणि दुसऱ्याच दिवशी कांद्याची चाळ विकून रिकामी केली. पुढच्या आठवड्यात आवक निवळली, भाव पुन्हा वर गेला. ते काका कार्यालयात आले, मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "ताई, बाजार बंद होता ते मला माहीत होतं. पण रेघ बघितली अन् वाटलं, तुम्हाला आतलं काहीतरी ठाऊक असेल." त्या आलेखाखाली कंपनीचं नाव होतं आणि तो मी पाठवला होता. तपासणीत सगळे नियम हिरवे होते.

त्यावर उपाय अगदी साधा निघाला. प्रोग्राम आता आलेख काढण्याआधी तारखांचं कॅलेंडर लावून बघतो. अमावास्येला लिलाव बंद ठेवायची इथल्या कांदा बाजारांत वर्षानुवर्षं पद्धत होती, त्यामुळे एखाद्या दिवसाच्या खाड्यावर तो ओरडत नाही. सलग तीन दिवसांपेक्षा मोठा खंड असेल तर त्या तारखा रिकाम्या भावासह आकडेवारीत घातल्या जातात. मग व्हेगा-लाइट रेष तिथे तोडतं, आणि तुटलेल्या जागी राखाडी पट्टा येऊन त्यावर 'लिलाव बंद' असं लिहिलं जातं. तुमच्याकडे रोजचं कुठलंही माप असेल तर हा नियम रंगांच्या आणि अक्षरांच्या नियमांआधी लिहा. रंग चुकला तर वाचणं अवघड होतं. इथे आलेख स्वच्छ वाचला गेला, आणि तो चुकीचं सांगत होता.

अशा फसव्या आलेखांसाठी मॅकनट, किंडलमन आणि मायकेल कोरेल यांनी २०२० मध्ये एक सुंदर युक्ती मांडली. आकडेवारीला मुद्दाम धक्का द्यायचा आणि आलेखाचं काय होतं ते बघायचं. नोंदींचा क्रम उलटसुलट केला तर चित्र बदलायला नको. बदललं, तर ठिपके एकमेकांवर चढून काहीतरी झाकतायत. त्याच नोंदींतून पुन्हा पुन्हा नमुना उचलून सरासऱ्या काढल्या आणि स्तंभांचा उंचीचा क्रम दर वेळी बदलला, तर 'या गावात भाव जास्त' असं सांगण्याइतका आधार तुमच्याकडे नाही. हे मी दोनच आलेखांवर लावलंय, पण त्यातल्या एका गावात अख्ख्या आठवड्याच्या नोंदी चारच निघाल्या होत्या.

एक गोष्ट सांभाळा. सुरुवातीला मी छत्तीस नियम लिहिले होते आणि प्रत्येक आलेखावर दहा-बारा सूचना यायच्या. महिन्याभरात सगळे जण त्या न वाचता पुढे जायला लागले, मीसुद्धा. आता चौदा आहेत. त्यातले पाच नियम आलेख अडवतात, बाकीचे नुसते विचारतात, आणि विचारल्यावर 'हो, मुद्दाम केलंय' असं म्हणायचं तर कारण एका ओळीत लिहावं लागतं. पावसाच्या नकाशाचं तसंच आहे: इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, येवल्यात पाचशेच्या आसपास, त्यामुळे एकसारख्या पायऱ्यांची रंगपट्टी घेतली की पूर्वेकडचे सगळे तालुके एकाच छटेत बुडतात. आम्ही पायऱ्या असमान ठेवतो. प्रोग्राम दर वेळी विचारतो, आम्ही दर वेळी कारण लिहितो, आणि नव्यानं कामाला लागलेल्या मुलीला ते तिथेच वाचायला मिळतं.

सुरुवात करताना नियमांची यादी इंटरनेटवरून उचलू नका. तुमच्याच ज्या जुन्या आलेखांवर कुणी येऊन शंका विचारली, भांडलं, किंवा उलटा अर्थ काढला, ते शोधून एका जागी ठेवा. आमच्याकडे असे अकरा आहेत. कुठलाही नियम बदलला की आधी त्या अकरांवर चालवून बघते आणि एकही निसटला तर बदल मागे घेते. त्या यादीत सर्वांत वर नऊ दिवसांच्या उताराचा तोच आलेख आहे.